काहिलीचा हात

आधी पैज लावू. ही गोष्ट एका गुळव्याची. त्याची जागा धोक्यात आली होती. ती शेवटी राहिली का गेली, ते आत्ताच मनात धरून ठेवा. मागनं बदलायचं नाही. जो बरोबर ओळखेल त्याला माझ्याकडनं गुळाचा खडा, अन् जो चुकेल त्यानं मला द्यायचा. मी आजवर लई गूळ खाल्लाय, एवढंच सांगतो.

तर, लई लई मागं, जेव्हा राजाला मिशी शोभते का दाढी हेसुद्धा अजून ठरलं नव्हतं, तेव्हा एका नदीच्या अलीकडं एक गाव होतं. गावाभोवती ऊसच ऊस. एवढा ऊस, पण गुऱ्हाळ एकच अन् काहीलही एकच. काहील म्हणजे रस आटवायची कढई. ही तर अशी थोरली, की तिच्यात अख्खा रेडा डुंबला असता अन् शेपूटही बाहेर राहिलं नसतं.

माणसांची नावं सांगत नाही. त्यांच्या पतवंडांची पतवंडं अजून आहेत, अन् माझे पाय आता पळायचे राहिले नाहीत.

गुऱ्हाळात ऊस पिळायचा चरक फिरवायला बैल असतात. जाळ घालायला कुणीही चालतं. पण उकळती काहील चुलवाणावरनं, म्हणजे थोरल्या चुलीवरनं, कधी उतरवायची, हे एकटा गुळव्या सांगतो. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. हा गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी वळायचा अन् पितळीवर मारायचा. टण्ण वाजलं की म्हणायचा, "उतरवा." की आठ गडी धावत सुटायचे. पाटील समोर उभा असला तरी पाटलाचं कुणी ऐकायचं नाही. त्या घटकेला गावाचा राजा गुळव्या.

असं वीस वर्षं चाललं. त्याचा गूळ जरा तांबडा व्हायचा. पण दुसरा कुणी पाहिलाच नव्हता, तर गावाला वाटायचं, गूळ म्हटला की तांबडाच.

गुळव्याला लेक एकच. नदीपलीकडच्या गावात दिलेली, नदीच्या उतारातनं गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढ्या अंतरावर. दर सुगीला ती काकवी खायला माहेरी यायची. त्या साली तिच्या कडेवर रांगतं पोर होतं. त्याला गुळव्या मांडीवर घेऊन काहिलीपाशी बसायचा अन् बोटानं काकवी चाटवायचा. लेक म्हणायची, "आबा, दात यायच्या आदी किडवाल त्याचे."

अन् त्याच साली पाटील एका लग्नाला गेला. तिथनं येताना तोंडात गुळाची चव घेऊन आला अन् मागं एक माणूस.

माणूस नदीपलीकडचा. वयानं गुळव्याहून दहा वर्षं लहान, बोलायला मऊ, खांद्यावर स्वतःचा झारा. गाव त्याला पलीकडचाच म्हणायला लागलं.

पाटील म्हणाला, "गुळवे, रागावू नगा. संक्रांतीपातूर तुमी दोगं. एक दीस तुमी, एक दीस ह्यो. मंग ज्याचा गूळ बरा, त्यो काहिलीवर बसंल. दुसऱ्यानं जाळ घालावा."

जाळ घालायचा. वीस वर्षं "उतरवा" म्हणणाऱ्यानं खाली वाकून चिपाडं सारायची, अन् वरनं दुसरा म्हणणार, "जरा कमी कर."

गुळव्या हसून म्हणाला, "बरं की." आतनं त्याचा पार कोळसा झाला.

पलीकडच्याची पहिली काहील उतरली. गूळ कसा, तर पिकल्या केळाच्या सालीसारखा. पिवळाधमक. बाया वाट्या घेऊन धावल्या. म्हातारी माणसं खडा तोंडात धरून डोळे मिटून बसली.

गुळव्याची बायकोही एक खडा पदरात घेऊन आली. "अवो, चाखून तरी बगा."

"माझा दात दुखतुया."

"कालपातूर तर ऊस सोलत व्हता दातानं."

"कालपातूर दुखत न्हवता."

तिथनं पुढं गुळव्याला एक नाद लागला. डोकी मोजायचा. आपल्या दिवशी काहिलीभोवती किती जण उभे, त्याच्या दिवशी किती. आपल्या दिवशी नऊ. त्याच्या दिवशी तेवीस. अन् त्यात गुऱ्हाळातलं कुत्रं धरलेलं नाही. कुत्रं बारा वर्षं गुळव्याच्या पायापाशी झोपलेलं, तेही आता पलीकडच्याच्या पायापाशी जाऊन पडायला लागलं. माणसाचं एक वेळ सोसतं हो. कुत्र्याचं नाही सोसत.

लेकही म्हणाली, "आबा, चव बाकी न्यारी हाय त्यांच्या काकवीला." त्या दिवशी गुळव्या लेकीशी धड बोलला नाही. लेक सासरी जायला निघाली तेव्हा हा नेमका चिपाडं रचायला गेला.

एकदा पलीकडचा आपणहून गुळव्यापाशी येऊन बसला.

"दादा, राग न्हाई ना मानणार? रानभेंडी जरा जास्त ठेचून घालायची. रसातली मळी समदी वर आली की जाळ मोडायचा, मंग पुन्यांदा लावायचा. एवडंच हाय. उद्या माझ्या शेजारी बसा, दोन दिसांत हातात बसंल तुमच्या."

"वीस वरसं काहील उतरवतूया मी. तू काल आलास."

"म्हणूनच सांगतुया. कान तुमचाच चांगला. तुमाला एका टणक्यात कळतं, मला तीनदा गोळी मारून बगाय लागती. मला त्ये शिकवा, मी ह्ये दावतो. पाटील काय, दोगांस्नीबी ठिवंल."

तुम्ही आम्ही असतो तर काय केलं असतं? खोटं बोलू नका. तुम्हीही तेच केलं असतं जे गुळव्यानं केलं. उठला, धोतर झटकलं अन् निघून गेला. कान चांगला म्हटलेलं त्याला ऐकूच गेलं नाही. "दावतो" एवढंच ऐकू गेलं, अन् ते टोचत राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, यानं त्याच्या रसात मीठ टाकलं असणार. नाही. मीठ टाकायला हिंमत लागते. यानं नुसतं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी वडाखाली सगळे बसले होते. गावातली सगळ्यात म्हातारी बाईही होती, तिला अख्खं गाव आत्या म्हणायचं. गुळव्यानं एक लांब श्वास सोडला.

"काय झालं रं?" आत्यानं विचारलं.

"काय न्हाई. आजा आठवला."

"काय म्हणायचा आजा?"

"म्हणायचा, काहील बाईमाणूस हाय. तिला एकदा एका हाताची सवय लागली, की त्यो हात जिता हाय तवर दुसरा हात चालत न्हाई."

आत्या जवळ सरकली. "आन् दुसरा लावला तर?"

"घर बगत न्हाई, माणूस बगत न्हाई. बळी घेती." अन् मग हळूच म्हणाला, "पर जाऊं द्या. कोण ऐकतंय आता जुनं."

तिथंच थांबला असता तर बरं होतं. पण थाप मारणाऱ्याला एक खोड असते. लोक ऐकताहेत म्हटलं की तो आणखी वाढतो. मला विचारा.

आत्या म्हणाली, "मंग त्या हातालाबी काई पथ्य आसंल की. फुकाट कोण मान देतंय?"

गुळव्यानं डोकं खाजवलं. पथ्याचा विचार त्यानं केलाच नव्हता. पण पथ्य कडक असलं की गोष्ट खरी वाटते, एवढं त्याला कळत होतं.

"हाय तर. चुलवाणात इस्तू हाय तवर त्या हातानं गावची शीव वलांडायची न्हाई. वलांडली, की गावावर आलंच."

मनात म्हणाला, आपण तरी कुठं जातो. सुगी चार महिन्यांची, अन् लेक तर आपणच येते.

पुढच्या दिवशी पलीकडच्याची पाळी. काहील उतरायच्या वेळेला पाटील घाईघाईनं बघायला आला. चुलवाणाच्या कडेला मळी काढून टाकलेली होती. तिच्यावर पाय पडला, सरकन घसरला अन् पाटलाच्या पायाची नळी मोडली.

आता मी शपथेवर सांगतो, त्यात कुणाचा काही हात नव्हता. मळी निसरडीच असते. सकाळी त्याच जागी कुत्रंही घसरलं होतं. पण कुत्र्याचा पाय मोडला नाही, त्यामुळं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवस मावळायच्या आत काहिलीला हळदकुंकू लागलं. आत्यानं गावभर सांगितलं. आधी वडाखाली दहा जणांनी ऐकलं होतं, आता तीनशे जण म्हणायला लागले की आम्हीही आमच्या आज्याकडनं हेच ऐकलंय.

पाटील बाजेवर पडलेला, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्यानं पलीकडच्याला बोलावलं. "बाबा, तुझ्यावर राग न्हाई. तुझ्यावानी गूळ म्या जन्मात खाल्ला न्हाई. पर तू जा."

पलीकडच्यानं झारा खांद्यावर टाकला. जाताना गुळव्याच्या दारात उभा राहिला. "दादा, गुऱ्हाळामागं बांधावर रानभेंडी लावून ठिवलीया. लागंल तशी घ्या."

गुळव्यानं त्या बांधावर शेळी सोडली.

झालं. जागा राहिली. ज्यांनी मनात 'राहील' असं धरलं होतं, ते आता हात पुढं करून खडा मागतील. हात जरा खालीच ठेवा.

गुळव्याचा मान असा वाढला की विचारू नका. तो निघाला की बाया बाजूला व्हायच्या. आधी त्याला लोक "गुळवे" म्हणायचे, आता "हात" म्हणायला लागले. "हात आलं, पाट ठेवा." गूळ पुन्हा तांबडा व्हायला लागला होता, पण तसं कोण म्हणणार? देवीचा प्रसाद तांबडाच असतो.

शिमगा आला. सुगी सरली. चुलवाण विझवायचं म्हणून गडी पाण्याच्या घागरी घेऊन आले. आत्या आडवी उभी राहिली.

"इस्तू इजवायचा? आन् हाताचं पथ्य सुटलं म्हंजी? हात हिकडं-तिकडं गेला, वाईट-साईट झालं, तर काहील कुणाकडं बगायची? इजवायचा न्हाई. रोज एका घरानं शेणी घालायची."

गावाला पटलं. घरोघर पाळ्या लागल्या. चुलवाणात बारमाही निखारा राहिला. गुळव्याला आधी हसूच आलं. बायकोला म्हणाला, "बग, राजाच्या म्हालातबी दिवा इजतो. माझा इजत न्हाई."

बायको म्हणाली, "पाडव्याला लेकीकडं जायाचं व्हतं आपल्याला."

तेव्हा कुठं त्याचं हसू थांबलं.

पाडवा गेला. आखाड गेला. लेकीचा निरोप यायचा, आबांना घेऊन ये. आई एकटीच जायची. लेक म्हणायची, "माझ्यावर रुसल्यात का? मी त्या काकवीचं बोल्ले म्हणून?" आई म्हणायची, "न्हाई गं, काम हाय त्यांना."

दिवाळीनंतर पुन्हा चरक फिरायला लागला. अन् एका सकाळी नदीपलीकडनं जावयाचा भाऊ धापा टाकत आला.

"वैनी तापानं पडल्यात. आठ दीस झाले, अन्न न्हाई पोटात. सारकं आबा आबा करत्यात. वैद्य म्हनला, बापाला दावा एकदा."

गुळव्यानं हातातला झारा टाकला अन् तसाच निघाला. पायात वहाणाही घातल्या नाहीत. बायको गाठोडं बांधून मागनं.

शिवेपाशी पोचायच्या आत अख्खं गाव पुढं येऊन उभं राहिलेलं. कुणाच्या हातात काठी नाही. सगळ्यांनी हात जोडलेले. काठ्या असत्या तर बरं झालं असतं.

"हात, मागं फिरा. पाया पडतो."

"माझी लेक मरतीया."

"आमच्याबी घरात लेकी हायत."

पाटील काठी टेकत पुढं आला. गुळव्यानं त्याचे पाय धरले. "पाटील, ऐका. समदं खोटं हाय. म्या थाप मारली. आजा असलं काई म्हनला न्हवता. माझा आजा तर मुका व्हता."

पाटलानं त्याला हळूच उठवलं. डोळ्यात पाणी होतं पाटलाच्या. "लेकीच्या मायेनं बोलताय. समजतं आमाला. पर गुळवे, तुमचा आजा खोटा आसंल, माझा पाय खोटा हाय का?"

"मळीवरनं घसरला तुमी."

"व्हय. तीस वरसं त्या मळीवरनं येतूया-जातूया. त्याच दिशी कसा घसरलो?"

याला उत्तर होतं, पण ते ऐकायचे कान गुळव्यानंच बुजवून ठेवले होते.

तो तरी पुढं सरला. तेव्हा एक म्हातारा शेतकरी वाटेवर आडवा पडला. त्याच्या घरात सुनेला आठवा महिना लागला होता. तो ओरडला नाही, रडला नाही. नुसता म्हणाला, "जायाचंच तर माझ्यावरनं पाय टाकून जावा."

गुळव्यानं पाय उचलला. मग तो तसाच खाली ठेवला.

त्याला धरून, हळद उधळत, गावात परत आणलं. बायांनी पाय धुतले.

मग तो गुऱ्हाळात गेला. म्हटलं, विस्तवच नसला तर पथ्य कसलं? भरदुपारी घागर उचलली अन् चुलवाणात ओतली. पांढरी वाफ अंगावर आली. मागं आत्या बसली होती, ती जागची हललीसुद्धा नाही.

"ओत बाबा ओत," आत्या म्हणाली. "निम्मा इस्तू म्या घरी चुलीत ठिवलाय. आजपातूर कुणाला बोल्ले न्हाई. माणसाचा भरवसा न्हाई."

गुळव्या तिथंच चिखलात बसला. बायकोला म्हणाला, "तू जा."

बायको गेली. वीस दिवसांनी परत आली. गुळव्या शिवेवरच्या दगडापाशी तिची वाट बघत उभा. दगडाच्या अलीकडं.

"जगली," बायको म्हणाली.

गुळव्यानं तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून दगडावर ठेवलं. मग त्यानं विचारलं, "मला इचारत व्हती?"

"पयले चार दीस इचारलं. मंग न्हाई इचारलं."

"तू सांगितलं न्हाईस, मी शिवेपातूर आलो व्हतो?"

"सांगितलं. ती म्हनली, शिवेपातूर तर पावण्याला घालवायलाबी येत्यात."

बायकोनं गाठोडं सोडलं. आत केळीच्या पानात बांधलेला पिवळाधमक गूळ होता.

"त्यो बी तितंच हाय," ती म्हणाली. "पलीकडचा. लेकीच्याच गावात गुऱ्हाळ घातलंय. रोज यायचा. काकवी पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं पाजली त्यानं पोरीला, तवा पोटात राहू लागलं. आपल्या जावयालाबी शिकवतूया गूळ. धा-बारा जण शिकल्यात. कुनी एक काहिलीवर बसला की बाकीचे मोकळे. त्यो तर पोराला खांद्यावर घिऊन गावभर हिंडतो."

"कुनाच्या पोराला?"

"आपल्या नातवाला. बोलाय लागलाय आता." तिला पुढचं सांगायचं नव्हतं, पण खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "त्याला आजा म्हणतो."

गुळव्यानं तिचा हात धरला. "आन् लेक काय म्हणाली? शिमग्याला येनार का?"

"म्हनली, तिथं काहील राहती. माझं माहेर न्हाई तिथं."

ती आली नाही. त्या शिमग्याला नाही अन् पुढच्या कुठल्याच शिमग्याला नाही. गुळव्या मरेपर्यंत काहिलीवरच बसला. त्याची जागा कुणी घेतली नाही, कुणी मागितली नाही, कुणी शिकलाही नाही. जागेपायी त्यानं किंमत मोजली. लेक मोजली, अन् तिच्यासंगं नातवाच्या तोंडातला 'आजा' हा शब्द. आता ज्यानं 'राहील' असं मनात धरलं होतं, त्यानं खुशाल खडा मागावा.

म्हणून सांगतो, जागा राखायची तर आपला हात सुधारावा. दुसऱ्याचा हात बांधायला मारलेली गाठ आपल्याच मनगटाला बसते.